एका गावाची दोन नावे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

माझ्या गेल्या कवितासंग्रहाच्या वेळची गोष्ट. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर कवीचा चार ओळींचा परिचय छापायची पद्धत आहे. मी लिहून पाठवले, 'जन्म : १९७०, उस्मानाबाद.' मुद्रिते आली तेव्हा तिथे 'धाराशिव' झालेले. मी ते खोडून पुन्हा 'उस्मानाबाद' केले. दुसरी मुद्रिते आली, पुन्हा 'धाराशिव'. मी पुन्हा खोडले. तिसऱ्या खेपेला मात्र मुद्रिते तपासणाऱ्या मुलीचा फोनच आला.

"सर, गावाचं नाव बदललंय. २०२३ सालीच."

"बदललंय ना. पण बाई, मी काही २०२३ साली जन्मलो नाही."

ती हसली, मीही हसलो. पण खरे सांगायचे तर माझे हसू जरा ओढूनताणून आणलेले होते. माझ्यासारख्या नावाच्या माणसाने 'उस्मानाबाद' लिहिण्याचा आग्रह धरला की लोक त्याचा एक अर्थ लावतात. त्याने मुकाट्याने 'धाराशिव' लिहिले तर दुसरा लावतात. मला मात्र कोणताच अर्थ नको होता. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. गाडीच्या पाटीवर 'उस्मानाबाद' लिहिलेले असायचे आणि अब्बा दारात उभे राहून 'धाराशिव, धाराशिव, चला धाराशिव' असे ओरडायचे. खेड्यातल्या उतारूंच्या तोंडात तेच नाव होते. निजामाच्या राज्यात, मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून कागदावर गाव उस्मानाबाद झाले, पण बोलण्यातून धाराशिव काही गेले नाही. एका नावाने दुसऱ्याला हाकलले, असे मी लहानपणी कधी पाहिले नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत नामांतराला मंजुरी मिळाली आणि २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला. माझ्या चार ओळींतला तेवढा राहिला होता.

ती मुलगी म्हणाली, "सर, विकिपीडियावर असल्याच एका गावाचं भांडण झालं होतं. पोलंडमधलं गाव आहे. त्यांनी त्याचा नियमच करून टाकलाय. पाठवू का तुम्हाला?"

तिने पाठवले. मग पुढच्या आठ-दहा रात्री मी तेच वाचत बसलो. त्या वाचनातून जे समजले, ते आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

आपल्याकडे ज्ञानकोशाची परंपरा मोठी आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. अशा कोशात तज्ज्ञ नोंद लिहितात आणि संपादक ती तपासतात. मतभेद झाला तर तो संपादकांच्या खोलीत मिटतो. वाचकाच्या हाती पडतो तो निकाल. त्या खोलीत कोण काय म्हणाले, कोणाचे म्हणणे बाजूला पडले, हे त्याला कधीच कळत नाही.

विकिपीडियाचा जन्म मात्र उतावळेपणातून झाला. अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी २००० साली 'नुपीडिया' नावाचा ज्ञानकोश सुरू केला होता. तिथे तज्ज्ञ होते, तपासणीच्या एकामागून एक पायऱ्या होत्या आणि त्यामुळे वर्षभरात लेख झाले ते मोजकेच. वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली कोणालाही बदलता येईल अशी पाने तयार करण्याची युक्ती काढली होती. होनोलुलूच्या विमानतळावर 'विकी विकी' नावाची बस चालायची. हवाई बेटांच्या भाषेत 'विकी' म्हणजे लवकर. तेच नाव त्याने आपल्या युक्तीला दिले. ती युक्ती ज्ञानकोशाला लावून १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस २०,००० च्या आसपास लेख झाले. मराठी विकिपीडियाही २००३ च्या महाराष्ट्र दिनी, १ मे रोजी सुरू झाला.

दार सताड उघडे ठेवले की पाहुण्यांबरोबर भांडणही घरात येणार. मी एक वाक्य लिहावे, तुम्ही ते खोडावे, मी पुन्हा लिहावे, तुम्ही पुन्हा खोडावे. माझे आणि त्या मुद्रितशोधक मुलीचे जे चालले होते तेच. फक्त तिथे ते दिवसात तीस-चाळीस वेळा होऊ शकते आणि समोरच्याचा चेहरा दिसत नाही. यावर उपाय म्हणून त्या मंडळींनी सुरुवातीलाच दोन गोष्टी धरल्या. पहिली अशी, की वादात आपण पक्ष घ्यायचा नाही. कोण काय म्हणते आणि कशाच्या आधारे म्हणते, एवढेच सांगायचे. दुसरी अशी, की प्रत्येक लेखाच्या पाठीमागे एक चर्चेचे पान ठेवायचे आणि झालेला प्रत्येक बदल जपून ठेवायचा. खोडलेले वाक्यही जात नाही. 'इतिहास' म्हणून जे पान असते तिथे ते तारीखवार सापडते. मराठी विकिपीडियाने सार्वजनिक चर्चेच्या पानाला 'चावडी' म्हटले आणि मतदानाला 'कौल'. ज्याने कोणी हे शब्द निवडले, त्याला गावगाडा ठाऊक असला पाहिजे.

आता त्या पोलंडच्या गावाकडे येतो. बाल्टिक समुद्राच्या काठी, व्हिस्चुला नदीच्या मुखाजवळ हे बंदर आहे. पोलिश लोक त्याला ग्दान्स्क म्हणतात, जर्मन लोक डान्झिग. दहाव्या शतकात, ९९७ सालच्या प्रसंगात त्याचा पहिला उल्लेख सापडतो. १३०८ मध्ये ट्यूटॉनिक सरदारांनी, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाने, ते जिंकले. १४५४ मध्ये शहराने त्यांच्याविरुद्ध उठाव केला आणि १४६६ च्या तहाने ते पोलंडच्या राजाच्या छत्राखाली आले. गंमत अशी, की राजा पोलिश, पण शहराचा कारभार बराचसा त्याच्या स्वतःच्या हाती आणि बहुतेक रहिवाशांची भाषा जर्मन. असे सव्वातीनशे वर्षे चालले. १७९३ मध्ये पोलंडची वाटणी करताना प्रशियाने ते घेतले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ते 'स्वतंत्र नगर' झाले. १ सप्टेंबर १९३९ रोजी दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफा तिथल्याच वेस्टरप्लाटे या ठिकाणावर डागल्या गेल्या. १९४५ नंतर जर्मन रहिवाशांना घालवून देण्यात आले आणि पोलिश लोक तिथे वसले. १९८० मध्ये लेख वॉवेन्सा यांची 'सॉलिडॅरिटी' ही कामगार संघटना निघाली तीही याच गावच्या जहाजबांधणी कारखान्यातून.

म्हणजे एका नावामागे घर सुटल्याचे दुःख आहे आणि दुसऱ्या नावामागे देश परत मिळाल्याचे समाधान. अशा गावाबद्दल इंग्रजी विकिपीडियावर काय झाले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. एकाने ग्दान्स्क लिहावे, दुसऱ्याने डान्झिग करावे. भांडण त्या एका लेखापुरते राहिले नाही. तापमापकावर ज्याचे नाव आपण वाचतो तो फॅरनहाइट १६८६ साली तिथे जन्मला. तत्त्वज्ञ शोपेनहॉवर १७८८ साली तिथलाच. कादंबरीकार ग्युंटर ग्रास १९२७ साली तिथलाच. या प्रत्येकाच्या लेखात 'जन्म' या शब्दापुढे काय लिहायचे? शोपेनहॉवरचे तर पाहा. तो जन्मला तेव्हा गाव पोलंडच्या छत्राखाली होते. तो पाच वर्षांचा असताना प्रशियाने ते घेतले, म्हणून त्याचे घरचे लोक गाव सोडून हँबुर्गला गेले. आयुष्यभर जर्मन लिहिणाऱ्या माणसाचे जन्मगाव कोणाच्या नावाने सांगणार?

ते भांडण वर्षानुवर्षे चालले. अखेर २००५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कौल घेण्यात आला. या कौलातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. 'हे गाव कोणाचे?' असा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. 'खरे नाव कोणते?' असेही विचारले नाही. त्यांनी गावाच्या इतिहासाचे कालखंड पाडले : १३०८ पूर्वी, १३०८ ते १४५४, १४५४ ते १४६६, १४६६ ते १७९३, १७९३ ते १९४५ आणि १९४५ नंतर. मग प्रत्येक कालखंडासाठी वेगळे मत मागितले, की त्या काळाबद्दल इंग्रजीत लिहिताना कोणते नाव वापरायचे.

निकाल असा लागला : १३०८ पूर्वी ग्दान्स्क, १३०८ पासून १९४५ पर्यंत डान्झिग, १९४५ नंतर पुन्हा ग्दान्स्क. त्याला जोडून आणखी कलमे ठरली. लेखात गावाचा पहिला उल्लेख येईल तिथे दुसरे नावही सोबत द्यायचे. चरित्रलेखात माणूस उघडउघड जर्मन असेल तर आधी डान्झिग आणि कंसात ग्दान्स्क; उघडउघड पोलिश असेल तर उलटे. आणि हे ठरल्यावर, वारंवार सांगूनही जो बदलत राहील त्याच्यावर कारवाई करायची. वीस वर्षे होऊन गेली, तो नियम टिकून आहे. त्याने दोन्ही पक्ष खूश झाले असे मुळीच नाही. सव्वातीनशे वर्षे पोलिश राजाच्या छत्राखाली असलेल्या गावाला त्याच काळात जर्मन नाव का, असे पोलिश माणसाने विचारले तर त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण रोजची खोडाखोड थांबली आणि माणसे दुसऱ्या कामाला लागली.

हे एका दिवसात साधलेले नाही. त्याआधी नियमांची एकेक पायरी बांधली जात होती. २००४ च्या नोव्हेंबरात 'तीन वेळांचा नियम' आला. एका पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे लेखन उलटवले, की तुमचे लिहिणे काही काळ बंद. इथे तुमचे म्हणणे बरोबर की चूक, हे पाहत नाहीत. बरोबर असलेल्या माणसालाही चौथ्यांदा खोडण्याचा अधिकार नाही. त्याने चर्चेच्या पानावर जाऊन बोलले पाहिजे. तिथेही जमले नाही तर एका तिऱ्हाइताला बोलवायचे. तरी जमले नाही तर सगळ्यांसाठी चर्चा खुली करायची. ती साधारण महिनाभर चालते. सगळ्यात वर लवाद समिती. तिची घोषणा वेल्स यांनी २००३ च्या अखेरीस केली आणि २००४ मध्ये ती कामाला लागली. तिच्याबरोबरच एक मध्यस्थी समितीही निघाली होती. ती २०१८ मध्ये बंद झाली.

लवाद समिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय येते. पण ही समिती लेखात काय लिहावे हे ठरवतच नाही. ती फक्त वागणुकीचा निवाडा करते : कोणी शिवीगाळ केली, कोणी एकाच माणसाची चार नावे घेऊन मते दिली, कोणी ठरलेले मोडले. मजकुराचा निर्णय लिहिणाऱ्यांनीच एकमेकांशी बोलून घ्यायचा. आमच्या मोहल्ल्यात दोन भावांत भिंतीवरून वाद झाला, की एक बुजुर्ग मध्ये बसायचे. ते भिंत कुठे घालायची हे कधी सांगत नसत. "आधी आवाज खाली करा," एवढेच म्हणत. भिंत त्या भावांनाच ठरवावी लागे. त्या बुजुर्गांची मला इथे आठवण झाली.

या व्यवस्थेत हास्यास्पद गोष्टीही झाल्या. 'स्टार ट्रेक इंटू डार्कनेस' या चित्रपटाच्या नावात 'इंटू' या शब्दाचा 'आय' थोरला लिहायचा की धाकटा, यावर २०१२ च्या डिसेंबरपासून जुंपली. ते अधले-मधले शब्दयोगी अव्यय आहे की तिथून उपशीर्षक सुरू होते, असा तो प्रश्न. त्यावर ४०,००० हून अधिक शब्द लिहिले गेले. दोन कादंबऱ्या झाल्या असत्या! २०१३ च्या जानेवारीच्या शेवटी थोरला 'आय' ठरला. आपल्या बाळबोध लिपीत थोरली-धाकटी अक्षरे नाहीत म्हणून आपण हसायचे कारण नाही. ऱ्हस्व-दीर्घावरून आपल्या साहित्य संस्थांत किती शाई सांडली आहे, ते आठवावे.

आता एक अवघड गोष्ट सांगतो. ती टाळून पुढे गेलो तर माझे हे बोलणे अप्रामाणिक होईल. हजरत मुहम्मद पैगंबरांवरच्या इंग्रजी लेखात काही जुनी चित्रे आहेत. आमच्या घरात भिंतीवर सुलेखन असते, चित्र नसते. त्यांचे चित्र पाहणे मला जमत नाही आणि हे कोणाच्या धाकाने नाही, संस्काराने आहे. २००८ मध्ये ती चित्रे काढून टाकावीत म्हणून लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. विकिपीडियाने ऐकले नाही. वाद पुढे २०११-१२ मध्ये लवाद समितीपुढे गेला. समितीने आपल्या रिवाजाप्रमाणे चित्रांचा निर्णय दिला नाही. सगळ्यांची खुली चर्चा घ्या आणि तिचा निष्कर्ष तीन वर्षे पाळा, असे सांगितले. २०१२ मध्ये ती चर्चा झाली. चित्रे राहिली, पण मोजकी. आणि लेखाच्या माथ्यावर चित्राऐवजी त्यांच्या नावाचे सुलेखन आले. ज्याला चित्रे नको असतील त्याने ती आपल्यापुरती कशी झाकावीत, याची कृतीही चर्चेच्या पानावर दिली आहे.

मला विचारले असते तर मी चित्रे नकोत असेच म्हटले असते. आजही म्हणेन. पण मी ती चर्चा वाचली आहे. माझ्या मनातले म्हणणे तिथे मला सापडले, आणि कोणी ते खोडून टाकलेले नव्हते. समोरच्यांचे म्हणणेही सापडले : ही चित्रे कोणा शत्रूने काढलेली नाहीत, इराणी आणि उस्मानी दरबारच्या मुसलमान चित्रकारांनीच ती हस्तलिखितांत काढली आहेत. ही गोष्ट मला आधी नीट ठाऊक नव्हती. माझे मन त्याने बदलले नाही. पण समोरचा माणूस माझा अपमान करायला बसला आहे ही समजूत गेली. माझा पक्ष हरला, तरी त्याची बाजू पुसली गेली नाही. वाद मिटणे म्हणजे काय, याबद्दलची माझी कल्पना त्या रात्री थोडी बदलली. सगळ्यांचे एकमत व्हावे लागत नाही. पुढच्या माणसाला दोन्ही बाजू सापडतील अशी व्यवस्था ठेवली तरी पुष्कळ झाले.

या रीतीचे दोषही आहेत. ज्याच्याकडे वेळ आणि चिकाटी जास्त, त्याचे म्हणणे टिकण्याचा संभव जास्त. दिवसभर राबून घरी येणारा माणूस चाळीस हजार शब्द वाचून उत्तर द्यायला बसत नाही. ग्दान्स्कच्या कौलातही मत दिले ते इंग्रजी लिहिता-वाचता येणाऱ्यांनी. डान्झिगमधून हाकलली गेलेली एखादी म्हातारी तिथे आली नसणार. चावडीवर जो बसतो तोच गाव, ही जुनी खोड इथेही आहे. फरक इतकाच, की या चावडीवरचे बोलणे लिहून राहते आणि उद्या कोणीही ते वाचून पुन्हा विषय काढू शकतो.

तर माझ्या चार ओळींचे काय झाले? मी त्या मुलीला फोन केला. म्हटले, "बाई, तुमच्या पोलंडवाल्यांचं ऐकायचं ठरवलंय. साल पाहून नाव लिहू." ती म्हणाली, "सर, मग दुसरं नावही सोबत द्यावं लागेल. नियम आहे." आम्ही दोघांनी मिळून तो मजकूर पक्का केला. पुस्तकात तो असा छापला आहे : 'जन्म : १९७०, उस्मानाबाद (आताचे धाराशिव).' आणि शेवटच्या ओळीत, 'वास्तव्य : धाराशिव.'

पुस्तक हाती आल्यावर मी ते पान अम्मीला वाचून दाखवले. तिने दोन्ही नावे ऐकून घेतली आणि म्हणाली, "तुझे अब्बा असते तर म्हणाले असते, गाडी एकच आहे, बसा लवकर."